मऊ वाळूत चालवायला स्वस्तातले टायर कोणते?

ओहोटी
मंडळी, गाडी प्राडो १५०, डिझेल, रिम १८ इंची, टायरचं माप २६५/६० आर १८. मुक्काम ब्रिस्बेन. पुढच्या शाळेच्या सुट्टीत गारीला जायचं घाटतंय. (फ्रेझर आयलंडचं २०२३ पासूनचं अधिकृत नाव. लिहितात के'गारी, पण सुरुवातीचा क मुका.) इन्स्किप पॉइंटवरून बार्ज (गाड्या नेणारी सपाट बोट), मग ७५ माइल बीचवरून इंडियन हेडपर्यंत.

सध्याचे टायर साध्या रस्त्याचे, एचटी. नक्षी साधारण ५ मिमी उरलीय. दुकानदाराचं म्हणणं, वाळूत जायचं तर मड टेरेन घ्या, निदान ऑल टेरेन तरी घ्याच. स्टेपनीसकट पाच टायरचा हिशेब केला तर सहलीपेक्षा टायर महाग पडतात. वर्षातून दोन-तीनदा वाळू, बाकी सगळा डांबरी रस्ता. एवढ्यासाठी स्वस्तातले कोणते घ्यावेत?

पान्हा १०-११
टायर घेऊ नका. हवा काढा.
(सविस्तर संध्याकाळी.)

वाचनमात्र
गाडी गारीला. शीर्षकच हे हवं होतं.

मोठं चाक
पान्हाशेठ, अर्धवट सल्ला देऊ नका. हवा काढायचीच आहे, पण टायर रुंद हवा. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टेकलेला भाग, म्हणजे कमी रुतणं. २८५ चे (मिमी रुंदीचे) घ्या, ऑल टेरेनमध्ये.

गणिती बैल
मोठं चाक, इथे एक गोची आहे. टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानाने दोनच गोष्टींवर ठरतं: चाकावरचं वजन आणि आतली हवा. माणसं-सामान भरलेली प्राडो २६०० किलो धरा, म्हणजे चाकामागे ६५० किलो. हवेचा दाब ३६ पीएसआय (बोलीत पौंड) म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.५३ किलो. ६५० भागिले २.५३, उत्तर सुमारे २५७ चौ. सेंमी. हवा १८ वर आणा, तेच उत्तर ५१३ येतं. दुप्पट, आणि खर्च शून्य.

आता २६५ काढून २८५ बसवा आणि हवा ३६ च ठेवा. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं! फक्त ठसा आडवा रुंद होतो आणि उभा आखूड. टायरच्या भिंतीचा ताठरपणा थोडा भार उचलतो म्हणून आकडे तंतोतंत नाहीत, पण दिशा हीच.

वाळूत आडव्या ठशापेक्षा उभा, लांब ठसा कामाचा. चाक पुढे सरकताना समोर वाळूचा छोटा ढीग उभा करतं आणि सतत तो चढत राहतं. टायर जेवढा रुंद तेवढा हा ढीगही रुंद. हवा कमी केली की ठसा मुख्यतः लांबीला वाढतो. नक्षीची रुंदी २० सेंमी धरली तर १३ सेंमीचा ठसा २६ वर जातो. रणगाड्याच्या पट्ट्याचं तत्त्व तेच.

मोठं चाक
गणित मान्य. पण रुंद आणि उंच टायरमध्ये आत हवेची जागा जास्त असते, म्हणून रिम टेकायच्या आधी दाब अजून खाली नेता येतो. तो फायदा तुमच्या समीकरणात दिसत नाही.

गणिती बैल
दिसत नाही, खरंय. तो मुद्दा तुमचा. मात्र तो फायदा उंचीचा जास्त आणि रुंदीचा कमी.

रेतीतला उंट
दुबईकडून दोन शब्द. इथे लाल वाळूच्या टेकड्यांवर १२ ते १५ ची हवा सर्रास चालते. १८ म्हणजे आमच्याकडे अजून रस्त्यावरच आहात. मड टेरेनबद्दल मात्र ठाम सांगतो: वाळूत नको. त्याचे मोठे ठोकळे चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचायला केलेले असतात. कोरड्या वाळूत खाली घट्ट जमीन नसतेच. तो फावडं मारत बसतो आणि गाडी पोटावर बसते. अर्धी झिजलेली एचटी त्यापेक्षा बरी तरंगते. उंटाच्या पायाला कधी नक्षी पाहिलीत?

खारं पाणी
उंटराव, १२ चा सल्ला टेकड्यांपुरता ठेवा. तिथे वेग कमी, अंतर कमी, वळसे मोठे. गारीच्या किनाऱ्यावर दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर होतात आणि पूर्व किनाऱ्याची वेगमर्यादा ताशी ८० आहे. भरलेली प्राडो १२ च्या हवेवर तासभर पळवली तर भिंत दुमडून-दुमडून तापते आणि टायर आतून कुजल्यासारखा सुटतो. शिवाय गोड्या पाण्याचे ओढे समुद्राला मिळतात तिथे वाळू कापली जाऊन फूट-दीड फुटाच्या पायऱ्या तयार होतात. त्या लांबून दिसत नाहीत. मऊ टायरने पायरीवर आपटलं तर रिम वाकते, नाहीतर टायर रिमवरून सुटतो.

या गाडीसाठी माझे आकडे:
ओल्या, घट्ट पट्ट्यावर २० ते २२.
बार्जच्या दोन्ही टोकांना आणि आतल्या जंगलातल्या रस्त्यांवर १८. (आत मर्यादा ३० चीच आहे.)
फसलात तर १५, निघेपर्यंत.
१५ वर असताना ताशी ४० च्या वर नाही, झटक्यात वळण नाही. १८ वर ६० पुरे.

फसायची खरी जागा इन्स्किपची, बार्जच्या रांगेत. सगळ्या गाड्यांनी घुसळून तिथली वाळू पिठासारखी झालेली असते. हवा डांबरी रस्ता संपतो तिथेच काढा, वाळूत शिरून नव्हे.

जिम्नीप्रेमी
छान धागा. जिम्नी आहे, १९५/८० आर १५, कंपनीचेच टायर. वजन बाराशे किलोच्या आसपास. काशीद किंवा गुहागरला किती हवा ठेवावी?

सुरूचं बन
जिम्नीप्रेमी, ३२ ची ठेवा आणि गाडी सुरूच्या झाडांअलीकडे, वाहनतळावर उभी करा.

चेष्टा नाही. रायगड-रत्नागिरीत पुळणीवर गाडी घातल्याबद्दल गुन्हे दाखल होतात. गोव्यातही किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. वेळास, आंजर्ले आणि खालीवर कितीतरी ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. घरटं वरच्या कोरड्या वाळूत असतं, म्हणजे तुम्ही 'इथे पाणी येत नाही' म्हणून गाडी नेता नेमकं तिथेच. वरून चाक गेलं की वाळू दाबली जाते, पिल्लांना वर येता येत नाही. आलीच, तर चाकोरीत पडतात. चार इंचांची चाकोरी म्हणजे त्या पिल्लाला भिंत. समुद्राकडे जायचं सोडून ते चाकोरीतूनच किनाऱ्याला समांतर चालत राहतं, आणि कावळे टपलेले असतातच. हे कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

जिम्नीप्रेमी
हे माहीत नव्हतं. नेत नाही. मग भारतात कायदेशीर कुठे चालवता येते?

सुरूचं बन
केरळात कण्णूर आणि थलश्शेरीच्या मधे मुळप्पिलंगाड. सुमारे चार किलोमीटरचा किनारा, गाड्यांना मुभा आहे. पण तिथली वाळू इतकी घट्ट की साध्या हॅचबॅकही फिरतात. तिथे टायरचा प्रश्नच येत नाही, नंतर गाडी धुण्याचा येतो.

वाचनमात्र
म्हणजे पाच प्रतिसादांत मड टेरेनवरून कासवावर. आपली परंपरा अबाधित आहे.

पान्हा १०-११
आता सविस्तर. दुकानात 'ऑल टेरेन' एवढंच विचारलं जातं आणि तिथेच घोळ होतो. वाळूसाठी नक्षीआधी भिंत बघा. एकाच नावाचा टायर दोन बांधणींत मिळतो: साधी म्हणजे प्रवासी गाडीची, आणि एलटी म्हणजे हलक्या ट्रकची. २६५/६५ आर १७ मध्ये साध्याचा भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ११२ असतो, एलटीचा १२०. विक्रेता म्हणेल १२० भारी. दगडधोंड्यांत भारी, हो. वाळूत तीच जाड भिंत दुमडायला तयार होत नाही. १८ च्या हवेवर साधा टायर जेवढा पसरतो तेवढं एलटीला पसरवायला अजून दोन-तीन पौंड काढावे लागतात. वजन जास्त, डिझेल जास्त, किंमत जास्त.

बीएफजीचा केओ२ घ्या म्हणून सगळे सांगतील. टायर उत्तम, तीन पदरी भिंत, दगडांत मार खातो आणि टिकतो. तुमच्या कामाला ते चिलखत नको. योकोहामाचा जी०१५ दोन्ही बांधणींत येतो, घेताना साधी बांधणी मागा. ब्रँडपेक्षा मापापुढचे आकडे वाचा. भारांक गाडीच्या दारावरच्या पाटीवर लिहिलाय त्यापेक्षा कमी नको, विमा आणि कायदा दोन्ही त्यावर अडतात.

ओहोटी यांचा एचटी ५ मिमी नक्षीचा आहे. वाळूपुरता तो पुरेसा आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर या क्रमाने:

पहिला, बरा दाबमापक. पेट्रोलपंपावरचे मापक २-३ पौंड इकडेतिकडे दाखवतात. ३६ ला चालेल, १५ ला तो फरक म्हणजे रिमवरून टायर सुटणं.

दुसरा, पंप. सिगारेट लायटरच्या भोकात लावायचा नको. लायटरचा फ्यूज १०-१५ अँपिअरचा, बऱ्या पंपाला त्याहून बरंच जास्त लागतं. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या.

तिसरा, व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडणारं यंत्र. काडी टोचून एका चाकाला तीन-चार मिनिटं जातात, याने मिनिटाच्या आत काम होतं. नसलं तरी अडत नाही.

चौथा, दोन ट्रॅक्शन बोर्ड (फसलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्या) आणि लांब दांड्याचं फावडं.

एवढं सगळं मिळून दोन नव्या टायरच्या आसपास बसतं. आणि गाडी बदलली तरी सोबत येतं.

ओहोटी
पंपावर 'मिनिटाला ७० लिटर' लिहिलंय. पुरेल?

गणिती बैल
तुमच्या टायरमध्ये साधारण ७५ लिटर जागा आहे. १८ वरून ३६ वर न्यायचं म्हणजे सव्वापट वातावरणाची भर, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव लिटर मोकळी हवा. पंपावरचा आकडा समोर दाब नसतानाचा असतो, दाबाविरुद्ध निम्मा धरा. चाकामागे पावणेतीन-तीन मिनिटं, चार चाकांना जोडाजोडीसकट पंधरा. स्वस्त पंप दोन चाकांनंतर तापतो, त्याला पाच मिनिटं विश्रांती द्या. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल.

मोठं चाक
१८ इंची रिमबद्दल कुणीच बोललं नाही. वाळूत पसरते ती भिंत, आणि तुमची भिंत आधीच बुटकी. २६५/६० आर १८ ची भिंत १५९ मिमी. त्याच प्राडोच्या खालच्या मॉडेलला २६५/६५ आर १७ येतात, तिथे भिंत १७२ मिमी. बाहेरचा व्यास ७७५ आणि ७७६. म्हणजे स्पीडोमीटरलासुद्धा कळणार नाही. लोक मोठी रिम बसवतात आणि काढलेल्या १७ इंची कंपनीच्या रिम टायरसकट पडेल भावाने विकतात. एक रिम आधी चढवून हाताने फिरवून बघा, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना. रुंदीचा हट्ट सोडला, आता हे तरी ऐका.

पान्हा १०-११
हा मात्र लाखमोलाचा सल्ला. शंभर टक्के अनुमोदन.

चिक्कू शेठ
जुन्या टायरचा विषय निघालाच आहे तर, रिमोल्ड केलेले कसे? गावाकडे ट्रकला सर्रास वापरतात.

पान्हा १०-११
ट्रकला पूर्ण हवेवर ठीक. इथे नको. कमी हवेवर भिंत आणि नक्षीचा सांधा सतत वाकतो, तापतो. रिमोल्डमध्ये नेमका तो सांधा चिकटवलेला असतो. सोललेल्या केळ्यासारखी साल निघते.

वापरलेले घेताना नक्षी नंतर मोजा, आधी तारीख वाचा. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कधीकधी हे आकडे फक्त आतल्या बाजूला असतात, गाडीखाली वाकून बघावं लागतं. नक्षीने चांगला दिसणारा दहा वर्षांचा टायर ३६ च्या हवेवर गुमान चालतो, १६ वर भिंत वाकली की बारीक चिरा उघडतात. वाळू त्याला फाडत नाही, वाकणं फाडतं.

रेतीतला उंट
फसल्यावर काय करायचं तेही लिहून ठेवतो, कारण टायर कितीही बरा असला तरी हात चुकतात.

चाक जागच्या जागी फिरलं की त्याच क्षणी पाय काढा. दोन सेकंद जास्त रेस म्हणजे अर्धा तास फावडं. आधी मागे या, स्वतःच्याच चाकोरीतून, ती वाळू दाबलेली असते. जमलं नाही तर उतरून चारी चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा १५ वर आणा, मग बोर्ड. थांबताना ब्रेक मारू नका, नुसतं रेस सोडून थांबू द्या. ब्रेकने चाकापुढे पाचर तयार होते आणि निघताना तीच आडवी येते. थांबायचं तर उताराकडे तोंड करून.

ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद. ते चाक घसरलं की इंजिनची ताकद कापतं, आणि वाळूत चाक थोडं घसरणारच.

कुणी ओढून काढत असेल तर दोरी टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही. तो तुटला तर तोफगोळा होतो, माणसं मेलीत. जहाजातून नेताना गाडी बांधायच्या बारीक कड्यांनाही नाही. मजबुतीचा आकडा कोरलेला हूक असेल तरच.

खारं पाणी
भर घालतो. टायर रिमवरून सुटला तर जॅक लागणार, आणि वाळूत जॅक गाडी वर उचलण्याऐवजी स्वतः खाली जातो. १८ मिमी जाड प्लायचा फूट-सव्वा फुटाचा चौकोन सोबत ठेवा. सुटलेल्या कडेतली वाळू पाण्याने धुऊन मगच हवा भरा, व्हॉल्व्हची पिन काढून, म्हणजे हवा झपकन जाते. स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ बघून प्रयोग नकोत.

आणि टायरपेक्षा वेळापत्रक मोठं. भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत किनाऱ्यावर गाडी नको, उद्यान खात्याचाही सल्ला हाच. भरतीत घट्ट पट्टा पाण्याखाली जातो आणि वरच्या मऊ वाळूतून जावं लागतं, तिथेच सगळे रुततात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जास्तच. १९३५ साली मेहेनो बोट तिथे वादळात लागली, तिचा सांगाडा अजून वाळूत आहे. भरतीचं वेळापत्रक विसरणाऱ्यांची वाहनंही अधूनमधून तिला सोबत करतात. वाहनाचा परवाना आधी काढून ठेवा.

वाचनमात्र
आणि त्या वाहनांचे टायर नवेकोरे असणार.

ओहोटी
सर्वांचे आभार. गाडीखाली वाकून तारखा वाचल्या. पुढचे दोन ०८२१. मागचे दोन ३११५. स्टेपनी ४४१३, अजून एकदाही जमिनीला न लागलेली, रबरी केस वगैरे तसेच.

म्हणजे टायर घ्यावे लागणारच, फक्त वाळूसाठी नाही.

पान्हा १०-११
मागचे दोन आणि स्टेपनी, तिन्ही बाद. त्या स्टेपनीवर भरवसा ठेवू नका, न वापरलेलं रबरही म्हातारं होतं.

तुमची गाडी कायम चारही चाकांवर चालते. दोन नवे आणि दोन अर्धे झिजलेले घातले तर घेर वेगळे, आणि मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा) सतत ते भांडण सोडवत बसतो. आता मोठं चाक यांचा सल्ला अमलात आणा: तारीख बघून १७ इंची वापरलेला पाचाचा संच, रिमसकट. २०२१ च्या अलीकडचे, साधी बांधणी, भारांक ११२. एचटी असले तरी चालतील, सौम्य नक्षीचा एटी (ऑल टेरेन) मिळाला तर उत्तम. तुमच्या १८ इंची रिम आणि ०८२१ ची जोडी विकून थोडे पैसे परत येतील. मागच्या दोघांची तारीख घेणाऱ्याला सांगून टाका.

ओहोटी
पंप आणि मापक आजच मागवला. १७ चा एक संच इप्सविचला दिसतोय, शनिवारी जाऊन आकडे वाचतो. रिम चढवून बघू देतो म्हणालाय.

खारं पाणी
शनिवारी टॉर्च न्या. आकडे आतल्या बाजूलाच असतील.